पिकअपमधलं बिऱ्हाड, चोडण-दिवाडी आणि आमचं खाजण

मंडळी, भातकापणी उरकली आणि आंब्याला मोहोर यायला अजून अवकाश आहे, अशा मधल्या सहा दिवसांत गोव्याला जाऊन आलो. समुद्रकिनाऱ्याला आपल्या हेदवीत काही तोटा नाही, त्यासाठी गोव्याला कोण जातोय. आम्ही गेलो मांडवी नदीतली बेटं बघायला, चोडण आणि दिवाडी. तिथली बरीच शेतजमीन शेकडो वर्षं गावाच्या सामायिक मालकीची. तिच्याभोवती खाऱ्या पाण्याचा बांध, आणि तो बांध कोणी घालायचा, पैसे कुठून आणायचे, याचे नियमही ठरलेले. आमच्या खाजणाचं घोडं नेमकं तिथंच अडलंय. लांब लिहिलंय, सवडीने वाचा.

सुरुवात झाली स्कॉटलंडपासून. हसू नका. माझ्या मावसभावाचा मुलगा ग्लासगोला नोकरीला आहे. त्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत मोटरहोम भाड्याने घेतली. म्हणजे चाकांवरचं घर, आत पलंग, शेगडी, मोरी सगळं. ती बोटीत चढवून तो बायकामुलांसह तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावरची बेटं फिरला. फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, 'काका, इथे बेटं गावाच्या मालकीची आहेत.' मग तासभर फोन झाला.

ती बेटं पिढ्यान्‌पिढ्या एकेका जमीनदाराची. आपल्याकडचा खोत समजा, फक्त हा खोत अख्खं बेट विकायचा आणि राहणाऱ्यांना नवा मालक कोण ते मागाहून कळायचं. एग नावाच्या बेटावरच्या लोकांनी १९९७ साली वर्गणी गोळा करून, १५ लाख पौंडांना, आपलंच बेट विकत घेतलं. गिया बेट २००२ साली ४० लाख पौंडांना घेतलं, तेव्हा तिथे माणसं जेमतेम शंभर. बहुतेक पैसा सार्वजनिक निधीतून आला, पण त्यातले १० लाख दोन वर्षांत परत करायची अट होती. त्यासाठी त्यांनी जमीनदाराचा बंगला विकला! पुढे तीन जुन्या पवनचक्क्या आणून उभ्या केल्या आणि वीज विकायला लागले. हॅरिस बेटाच्या पश्चिम भागाची जमीन २०१० पासून तिथल्या ट्रस्टकडे आहे. बाहेरून येणाऱ्या मोटरहोम उभ्या करायला त्यांनी जागा केल्यात, रात्रीचं भाडं ट्रस्टकडे जातं. एगवर मात्र पाहुण्याला गाडी न्यायची परवानगीच नाही, चालत फिरा.

हे मी आमच्या दादांना सांगितलं. दादा म्हणजे माझे चुलत भाऊ, वयाने चौदा वर्षांनी मोठे, नोकरी संपवून आता डोंबिवलीला असतात. गणपतीला आले होते. ते म्हणाले, 'गोऱ्यांचं सोड रे. आपल्याकडे सामायिक जमीन म्हणजे सामायिक भांडण. सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत, चौदांना एका पंगतीला बसवून दाखव.'

तेव्हा मला गोव्याची गावकारी आठवली. दादांना म्हटलं, स्कॉटलंड राहू द्या, ज्यांना आपलीच भाषा कळते त्यांचं बघून येऊ. पण तुम्ही यायचं. तुम्ही नाही आलात तर मी सांगितलेलं तुम्हाला पटणार नाही.

आधी आमचं खाजण सांगतो. खाडीकडेला अडीच एकर. पणजोबांनी आणि शेजारच्या दोन घरांनी मिळून चिखलाचा बांध घातला, उघाडी बसवली. पूर्वी खंड खोताला जायचा. रत्नागिरी जिल्हा म्हणजे खोतीचं आगरच. अलिबागकडे चरी आणि आसपासच्या गावांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून खोतांविरुद्ध संप केला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने. बाबासाहेबांनी १९३७ साली विधिमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं, आणि कायदा व्हायला १९४९ उजाडलं. त्यानंतर आमच्या आजोबांचं नाव लागलं. आता त्याच उताऱ्यावर चौदा नावं आहेत, त्यातली दहा मुंबई-ठाण्याला, आणि नांगर धरणारा मी एकटा.

राता भात व्हायचं तिथं. उत्पन्न फार नाही, पण खत नाही, फवारणी नाही. मे महिन्यात मातीचा ईसी १४ पर्यंत जायचा. पहिले तीन आठवडे पाऊस कोसळला, पाणी दोनतीनदा उघाडीतून सोडलं, की ४ च्या खाली यायचा, मग रहू फेकायचा. मे २०२१ च्या तौक्ते वादळात बांधाला भगदाड पडलं. पहिल्या वर्षी वाटलं, करू. दुसऱ्या वर्षी मुंबईकर म्हणाले, आधी हिस्से वेगळे करू, मग करू. एका सरकारी कचेरीत अर्ज दिला, त्याला अजून उत्तर नाही. दरम्यान भरतीचं पाणी रोज दोनदा आत-बाहेर करतंय, अकरा गुंठ्यांत तिवर उगवलेत. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आणि नंतर २०१८ च्या निकालांनुसार महाराष्ट्रात तिवर तोडता येत नाहीत, खासगी जमिनीतलेसुद्धा. म्हणजे भगदाड जितकी वर्षं उघडं राहील तितकं शेत कायमचं हातचं जाणार. तिवरांशी माझं वैर नाही, खाडीला ते हवेतच. पण ते बांधाच्या बाहेर.

आणि आता एक दलाल मागे लागलाय. सगळं एकदम द्या, एकरकमी घ्या. चौदा भाग केले तरी ज्याने कधी चिखलात पाय घातला नाही त्याला ती रक्कम मोठीच वाटणार. दादांनाही वाटत होती. त्यांना दोष देत नाही, त्यांच्या नातीचं शिक्षण व्हायचंय.

तर गाडी. आमच्याकडे आंब्याच्या पेट्या न्यायची बंद बॉडीची बोलेरो पिकअप आहे. पुतण्याने मागे प्लायवूडची दोन बाकडी ठोकली, खाली पेट्या, वर गाद्या. दोन बाजूंना जाळीच्या खिडक्या कापल्या, वीस लिटरचे दोन कॅन, एक शेगडी, बॅटरीवरचा पंखा. झाली मोटरहोम. चालत्या गाडीत मागे बसायचं नाही, मालवाहू गाडी आहे, पोलीस अडवणारच. पुढे तिघे चेपून बसलो. रात्री दादा आणि मी आत, पुतण्या टपावर.

हेदवीहून तवसाळ, तिथून फेरीबोटीने जयगड, मग किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी, देवगड, मालवण. मालवणात मुक्काम. दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्यावरून आरोंद्याचा पूल ओलांडून गोवा. रस्त्याबद्दल काय लिहू, तुमच्या कमरेलाही ठाऊक आहे. दादांना वाटेत बोटीवर उभं राहून वारा खायला आवडलं, तेवढ्यावरून सहल यशस्वी होणार असं पुतण्याने जाहीर केलं.

चोडणला रायबंदरहून फेरीबोट लागते. गाडी चढवली, दहा मिनिटांत पार. उतरल्या उतरल्या सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १७८ हेक्टर तिवरांचं. त्याच्यापुढे शेतं सुरू होतात, आणि तिथेच दादा गाडी थांबवायला लावून खाली उतरले. रस्त्याच्या एका अंगाला कापलेल्या भाताचे बुडखे, दुसऱ्या अंगाला तसंच सपाट शेत पण पाण्याखाली, मधोमध जुन्या मेरांच्या रेषा दिसताहेत आणि त्यावर तिवरांची रोपं. दादा बराच वेळ बघत उभे राहिले. म्हणाले, 'हे आपलंच की रे.'

मी चोडणला आदर्श बेट बघायला आलो नव्हतो, आणि बरं झालं आदर्श दिसलं नाही. एकाच बेटावर बांध टिकलेलं शेत आणि बांध गेलेलं शेत शेजारीशेजारी बघायला मिळालं. फरक मातीत नाही, पावसातही नाही.

आता गावकारी म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण आपल्याकडे 'कोमुनिदाद' म्हटलं की लोकांना ती पोर्तुगीजांची काहीतरी भानगड वाटते. नाव पोर्तुगीज, वस्तू आपली. गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांनी मिळून जंगल तोडलं, खाडी अडवून खाजण काढलं, म्हणून जमीन त्या सगळ्या गावकारांची एकत्र. एकट्यादुकट्याला विकता येत नाही. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था चालू होतीच. १५२६ साली अफोन्सो मेशिया या त्यांच्या अधिकाऱ्याने तिचे रिवाज लिहून काढले, त्याला 'फोराल' म्हणतात. सध्या लागू असलेली संहिता १९६१ सालची, म्हणजे पोर्तुगीज जायच्या काही महिने आधीची. आजही गोव्यात अशा सव्वादोनशेच्या आसपास कोमुनिदाद आहेत.

चालायचं कसं? शेताचे तुकडे ठरावीक मुदतीने, बहुतेक ठिकाणी तीन वर्षांनी, लिलावात निघायचे. लिलावाला तिकडे पावणी म्हणतात. जो जास्त खंड बोलेल तो कसेल. आलेल्या पैशातून आधी सरकारचा भरणा, मग बांध, मानशी, रस्ते, देवळाचा नाहीतर चर्चचा खर्च, आणि हे सगळं भागून उरेल ते गावकारांत वाटायचं. त्या वाट्याला 'झण' म्हणतात. हा क्रम नीट बघा. बांध आधी, वाटणी मागाहून. आमच्या भावकीत चार वर्षं बरोब्बर उलटा क्रम चाललाय.

मानस म्हणजे आपली उघाडी, पण काम बघण्यासारखं. दिवाडीला एका मानशीवर आम्ही भरती लागल्यापासून ओहोटीपर्यंत बसलो, दुपारचं जेवणही तिथंच आटपलं. जांभ्या दगडाचा चिरेबंदी दरवाजा, त्यात वरून बिजागरीवर टांगलेली लाकडी झडप. नदीचं पाणी चढलं की तेच पाणी झडपेला बाहेरच्या बाजूने चौकटीवर दाबून धरतं, दार बंद. ओहोटी लागली, बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली, की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, माणूस नाही. चौकट आणि झडप यांच्यात बोटभर फट राहिली तर मात्र सगळं व्यर्थ, म्हणून फटीत चिखल लिंपतात. मानशीच्या आत खोलगट तळं असतं, पोंय म्हणतात. आत शिरलेलं थोडंफार खारं पाणी तिथंच बसतं, शेतापर्यंत पोचत नाही, आणि मासळीही तिथंच राहते. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की कोळंबी, शेवटे मिळतात. हे जाळं लावायचा हक्कसुद्धा लिलावात जातो.

पुतण्याने झडपेची मापं घेतली, फोटो काढले. आमच्या उघाडीला सरकत्या फळ्या आहेत, भरतीला टाकायच्या, ओहोटीला काढायच्या, म्हणजे रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मीच.

बांधावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. गावकार. आमची गाडी बघून आधी त्यांना वाटलं मासे विकणारे आलेत. शेतकरी म्हटल्यावर बसले. दादांची आणि त्यांची पाच मिनिटांत गट्टी, कारण दोघांनी मुंबईत नोकऱ्या केलेल्या. ते कोंकणीत बोलत होते, दादा मराठीत, कोणाचं काही अडलं नाही. दादांनी थेट विचारलं, 'तुमचं एवढं जुनं, एवढं चांगलं, मग चोडणला निम्मं शेत पाण्यात कसं?'

त्यांनी जे सांगितलं त्याचा गाभा असा. मुक्तीनंतर १९६४ साली गोव्यात कूळकायदा आला. पावणी थांबली, कसणारा कूळ म्हणून कायम झाला, खंडावर मर्यादा आली. १९७६ च्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन झाली. कोमुनिदादची मिळकत आटली, आणि बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. जिथे संघटना जागी राहिली तिथे शेत राहिलं. जिथे पोरं बोटीवर नाहीतर आखातात गेली, तिथे कूळ नावापुरतं उरलं. मग पैसा फक्त मानशीवरच्या मासळीत राहिला. ठेकेदाराला मासे जास्त हवेत, म्हणजे खारं पाणी जास्त आत यायला हवं. झडप थोडी उघडी राहते, रोज थोडं मीठ शेतात जातं, दोनतीन वर्षांत भात जळतो, कसणारा सोडून देतो, आणि मग कोणीच बांधाकडे बघत नाही. 'बांद ना जाल्यार शेत ना', एवढं बोलून ते उठले आणि आम्हाला त्यांच्या अंगणात गाडी लावायला सांगितलं. ते एक बरं झालं, कारण गोव्यात पर्यटकांनी उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड होतो. गाडी घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. बेटावर मोकळी दिसणारी जागा कोणाची ना कोणाची, नाहीतर कोमुनिदादची असते. विचारल्याशिवाय मुक्काम टाकू नका.

मी त्या रात्री गाडीत पडून विचार करत होतो, की या कूळकायद्याला शिव्या घालायच्या का? मला घालता येत नाहीत. आमची हेदवीची जमीन तशाच कायद्यांनी आमची झाली. गावकारीचं फार कौतुक करताना हेही बघायला पाहिजे की झण मिळायचा तो गावकार घराण्यातल्या पुरुषांना. चिखलात उभ्या राहून लावणी करणाऱ्या बायकांना नाही, बांधावर राबणाऱ्या बाहेरच्या मजुरांना नाही. कुळांना हक्क मिळाले ते योग्यच झालं. पण कायद्याने जमिनीची मालकी वाटली तशी बांधाची मालकी वाटता येत नाही. बांध दोन कोसांचा असतो, त्यातला माझ्या शेतासमोरचा वीस फूट मी सोन्याचा केला आणि पुढच्याचा फुटला, तरी पाणी माझ्याकडे येणारच. मालकी हवी तशी वाटा, देखभाल एकत्रच राहणार. रायगडकडच्या खारपट्ट्यात हे लोकांना कळत होतं. बांधाच्या देखभालीसाठी शेतकऱ्यांचा गट असायचा, त्याला जोळ म्हणायचे. ओहोटीला सगळे बांधावर, ज्याचं माणूस नाही त्याने बदल्यात काहीतरी द्यायचं. पुढे १९४८ आणि १९७९ चे खारभूमीचे कायदे आले, बांध सरकारी योजनेत गेले आणि जोळ विसरले गेले. आता बांध फुटला की आपण अर्ज लिहितो.

सामायिक मालकी म्हटली की सीमेचे वाद आलेच, दिवाडीलाही होते. तिथे ऑगस्टच्या अखेरीस बोंदेरा नावाचा उत्सव असतो, वाड्यावाड्यांचे झेंडे घेऊन मिरवणूक. मूळ कथा अशी सांगतात की दोन वाड्यांच्या हद्दीच्या मारामाऱ्या थांबवायला पोर्तुगीजांनी सीमेवर झेंडे लावले, आणि लोकांनी ते झेंडे पाडायचाच खेळ केला. दादा म्हणाले, आपल्या मोजणीच्या खुंट्यांचं असंच होतं, फक्त आपण उत्सव करत नाही.

आणखी एक, नोंदलंच पाहिजे. कोमुनिदादच्या मोकळ्या जमिनींवर गोव्यात हजारो घरं उभी राहिलीत. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात, फेब्रुवारी २०१४ पूर्वीची अशी घरं नियमित करायची दुरुस्ती विधानसभेने मंजूर केली. गावकारांचा विरोध आहे. आमच्या यजमानांच्या घरात यावर दोन मतं होती, बाप-मुलातच, आणि जेवताना ती दोन्ही आम्हाला ऐकवली गेली. बेघर माणूस कुठे जाईल, असं मुलगा. मग उद्या बांधाची माती काढायची जागाही प्लॉट होईल, असं बाप. दोघांचंही मला खोटं वाटलं नाही. ज्या जमिनीवर रोजचा वावर थांबतो तिच्यावर दुसऱ्या कोणाचा तरी वावर सुरू होतो, एवढं मात्र खरं.

दिवाडीवरून कोकण रेल्वे जाते, पण थांबत नाही. पूलही नाही. सकाळी पोरं फेरीबोटीने शाळा-कॉलेजला, दूधवाले बोटीने, आम्ही बोटीने. परतताना आम्ही दिवाडीच्या नारवे धक्क्यावरून बोट धरून पलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला उतरलो. दोन्हीकडे नाव एकच, कारण सप्तकोटेश्वर आधी दिवाडीला होता. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लोकांनी देव नदीपार नेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करायला लावला. दादांनी नमस्कार केला, नारळ ठेवला, आणि देवळाच्या पायरीवरच बसून म्हणाले, 'बांधाला किती येईल रे खर्च?'

मी हिशोब तयारच ठेवला होता. भगदाड सोळा फूट. जांभा दगड, आत खाजणातलीच चिकण माती, गवताच्या पेंढ्या, बारा-चौदा माणसांचे पाच दिवस, तेही अमावास्या-पौर्णिमेची उधाणं टाळून. नवी झडप सागाची. सगळं मिळून चौदा घरांत भागलं तर घरटी एका गणपतीच्या प्रवासाएवढं.

घरी आल्यावर भावकीला फोन झाले. आम्ही मांडलं ते असं: सातबाऱ्यावर चौदा नावं राहू देत, हिस्से आत्ता पाडायचे नाहीत. ज्याला पैसे द्यायचेत त्याने पैसे, ज्याला द्यायचे नसतील त्याने पाच दिवस यावं. कसणार मी. पिकाचा माझा खर्च आणि मजुरी काढली की पुढचा पहिला वाटा बांधाच्या वेगळ्या खात्यात जाईल, त्याला हात लावायचा नाही. त्यानंतर उरेल तेच वाटायचं. पोंयीसारखं तळं राखून मासळीचा हक्क घरातल्याच कोणाला देऊ, पण झडपेची किल्ली मासे धरणाऱ्याकडे नाही. माझ्या दोन चुलत बहिणींची नावं उताऱ्यावर आहेत, त्यांना भावांइतकाच वाटा. यावर एका घरातून कुरकूर झाली. दादांनी ती फोनवरच मिटवली, काय बोलले ते मला ठाऊक नाही.

मेंढा-लेखाचं उदाहरण आमच्यातल्या एका तरुण पोराने काढलं. गडचिरोलीतलं हे गाव, २००९ साली साधारण १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि २०१३ साली तर गावाने ग्रामदान कायद्याखाली आपापली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे केली. त्याचं म्हणणं, आपणही भावकीची संस्था करून जमीन तिच्या नावे करू. मी म्हटलं, थांब. मेंढ्याच्या लोकांनी त्याआधी कित्येक वर्षं एकत्र बसून, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा करायची सवय लावून घेतली होती. आपलं अजून चहावर एकमत होत नाही. आधी सोळा फूट बुजवू.

चौदापैकी नऊ घरांनी हो म्हटलंय. तिघे विचार करतो म्हणाले. दोघांना विकायचंच आहे. त्यांचा हिस्सा भावकीतच कोणी घेईल का, हे बघावं लागेल, आणि तेवढा पैसा आत्ता कोणाकडे नाही. दलालाचा फोन परवा पुन्हा येऊन गेला, या खेपेला तो थेट त्या दोघांशीच बोलला. म्हणजे हे प्रकरण मिटलेलं नाही. तिवर आलेले अकरा गुंठे आम्ही सोडून देतोय. नवा बांध त्यांच्या आतून वळवायचा, म्हणजे शेत कमी होईल, पण तिवरांना हात लावायला नको.

बियाणं राता थोडंच उरलंय, आठ किलो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २, ३ या जाती क्षार सहन करणाऱ्या म्हणून ठाऊक आहेत. चार वर्षं खारं पाणी खाल्लेल्या जमिनीत पहिल्या हंगामाला कोणी पनवेल-३ घेतली असेल तर अनुभव जरूर सांगा. पहिल्या वर्षी भात घ्यावंच का, की नुसतं पावसाचं पाणी भरून दोनतीनदा सोडून मीठ धुवावं, यावर कृषीवाल्या मित्रांचं मत हवंय.

झडपेचं माप सुताराला दिलंय, चौकट साडेतीन बाय तीन. तो म्हणतो बिजागरी लोखंडाची नको, गंजेल, लाकडी खुंटीवरच टांगू. दिवाडीलाही तशीच होती.